फील्डमार्शल क्लूगे आणि शपथेची अट

जर्मन सैनिकाच्या शपथेचे शब्द पंधरा वर्षांच्या अवधीत दोनदा बदलले. १९१९ साली ही शपथ प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची होती. १९३३ च्या डिसेंबरात घटनेचा उल्लेख जाऊन तेथे लोक व पितृभूमी आली. पुढे २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग निवर्तले, आणि त्याच दिवसापासून आडोल्फ हिटलर या नामोल्लेखासह एका मनुष्याच्या बिनशर्त आज्ञापालनाचे वचन सैनिकांकडून घेण्यात आले. हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. घटनेची शपथ घटना मोडणाऱ्यावर उलटविता येते. व्यक्तीस दिलेल्या वचनातून सुटण्यास त्या व्यक्तीचा मृत्यू हाच काय तो सरळ मार्ग उरतो. २० जुलै १९४४ च्या उठावात बर्लिनहून सुटलेल्या आज्ञांचा आरंभ हिटलर मृत झाल्याच्या वार्तेने व्हावा, याचे एक कारण येथे सापडते.

या अटीत पुरता अडकलेला सेनानी म्हणजे फील्डमार्शल ग्युंटर फॉन क्लूगे. रशियातील मध्य सेनासमूहाचे आधिपत्य त्याजकडे असताना कटाचे एक प्रमुख सूत्रधार हेनिंग फॉन ट्रेस्को त्याच्याच कार्यालयात काम करीत होते. त्यांचे म्हणणे क्लूगेने वारंवार ऐकले, अंशतः मान्यही केले. परंतु १९४३ च्या मार्चमध्ये स्मोलेन्स्क येथे भोजनप्रसंगी हिटलरवर गोळ्या झाडण्याचा बेत त्याने मोडून काढला. तत्पूर्वी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, साठाव्या वाढदिवशी त्याने हिटलरकडून अडीच लक्ष मार्कांची देणगी स्वीकारली होती. आपल्याकडे खाल्ल्या मिठास जागणे हा गुण समजला जातो. येथे मात्र मीठ खाऊ घालणाऱ्याचा हेतूच तो होता.

२० जुलै रोजी क्लूगे पश्चिम आघाडीचा सरसेनापती म्हणून फ्रान्समध्ये ला रोश-ग्युयों येथील गढीत होता. हिटलर वाचल्याची खात्री होताच त्याने अंग काढून घेतले. बर्लिनहून जनरल बेक दूरध्वनीवरून निर्वाणीचा प्रश्न करीत असता त्याने उत्तर टाळले. त्याच रात्री फ्रान्सचे लष्करी प्रशासक जनरल श्ट्युल्पनागेल त्याच्या भेटीस आले. तिकडे त्यांच्या हुकमान्वये पॅरिसमधील सुमारे बाराशे एस्‌एस्‌ व गुप्त पोलिसांची धरपकड चालू होती. मेणबत्त्यांच्या उजेडात मुकाट्याने भोजन झाले. त्यानंतर क्लूगेने कैद्यांस सोडण्यास फर्माविले, श्ट्युल्पनागेल यांस अधिकारावरून दूर केले, आणि लगेच नागरी वेष करून नाहीसे होण्याचा सल्लाही त्यांस दिला. हुकूम सेनापतीचा होता, सल्ला सहकाऱ्याचा. या दोहोंत विसंगती आहे असे त्यास वाटलेले दिसत नाही.

क्लूगेस नुसता भित्रा ठरविणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. हिटलर मेला तर साथ, जिवंत असेल तर नाही, ही त्याची अट स्वतःच्या सुरक्षिततेस सोयीची होती हे खरे. पण ती शपथेच्या शब्दांतूनच निघालेली होती. श्ट्युल्पनागेल यांस मात्र ती अट मान्य नव्हती. हिटलर जिवंत आहे हे कळल्यानंतरही त्यांनी क्लूगेचे मन वळविण्याचा यत्न केला. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या वाटेवर व्हेर्दँजवळ त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यात दृष्टी गेली, प्राण राहिला. ३० ऑगस्ट रोजी त्यांस फाशी देण्यात आले.

त्याआधीच क्लूगेचाही शेवट झाला होता. १५ ऑगस्ट रोजी नॉर्मंडीच्या रणधुमाळीत काही तास त्याचा संपर्क तुटला, तेव्हा तो शत्रूशी बोलणी करण्यास गेला असावा असा संशय हिटलरने घेतला. दोन दिवसांत मोडेल त्याच्या जागी आला. १९ ऑगस्टला स्वदेशी परतताना मेट्झजवळ क्लूगेने विष घेतले. आदल्या दिवशी त्याने हिटलरला पत्र लिहिले होते. नवी शस्त्रे यशस्वी होत नसतील तर युद्ध थांबवा, लोकांनी अनन्वित हाल सोसले आहेत, असे त्यात आहे. हिटलरच्या थोरवीची प्रशंसा आणि स्वतःच्या निष्ठेची ग्वाहीही त्याच पत्रात आहे.