गोधडी, क्विल्ट आणि शिवणाऱ्या हातांची नावे

अमेरिकेत येताना आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत कुकर आणि लोणच्याची बरणी यांच्या जोडीला एखादी गोधडी होती. बाळंतपणासाठी आलेल्या आईने किंवा सासूबाईंनी आणलेली दुपटी तर अजून कित्येक घरांत जपलेली असतील. इथल्या काउंटी फेअरमध्ये टांगलेली क्विल्ट्स पाहून आपण सहज म्हणतो, "अगं, ही तर आपली गोधडीच!" साम्य आहे खरे, पण दोघींची घडण आणि इतिहास वेगळा. त्या इतिहासात आपण घेण्यासारखी एक गोष्ट आहे.

आपली गोधडी, म्हणजे काही गावांकडची वाकळ, जुन्यातून जन्म घेते. विरलेले नऊवारी लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे असे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून धावदोऱ्याचे चौकोन घालत मध्याकडे जायचे. आत वेगळा कापूस बहुधा नसतोच. धुऊन धुऊन मऊ झालेले कापडच ऊब देते. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावली की दोघी-तिघी ओसरीवर बसून पावसाळ्याआधी ती पुरी करायच्या. नक्षी कागदावर आधी काढलेली नसे. हाताशी जो तुकडा येई, तोच ती ठरवी.

अमेरिकन क्विल्टचे थर तीन: वर जोडकामाचे कापड, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वरचे कापड 'ब्लॉक' करून शिवण्याची पद्धत इथे चांगलीच रुजली. ब्लॉक म्हणजे साधारण फूटभराचा चौकोन. तो मांडीवर घेऊन शिवता येतो आणि लहानशा घरात जागा अडवत नाही. पुरेसे ब्लॉक जमले की ते एकमेकांना जोडायचे आणि तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून शेजारणींनी मिळून टाके घालायचे. हीच 'क्विल्टिंग बी'. 1860 च्या दशकात लोकप्रिय झालेला 'लॉग केबिन' ब्लॉक पाहा. मध्ये छोटा चौकोन, बहुधा लाल. भोवती पट्ट्या, दोन बाजूंना फिक्या आणि दोन बाजूंना गडद. तेच ब्लॉक थोडे फिरवून जोडले की निराळीच नक्षी उमटते. पुढे वर्तमानपत्रांनीही हा छंद उचलला. 'कॅन्सस सिटी स्टार'ने 1928 ते 1961 या काळात शेकडो ब्लॉकचे नमुने छापले.

ब्लॉकना अशी नावे मिळाली. शिवणाऱ्या बायकांना मिळाली का? दोन गोष्टी सांगते.

हॅरिएट पॉवर्स 1837 साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मली. स्वातंत्र्यानंतर तिने बायबलमधल्या कथांची चित्रे कापडात कापून एक क्विल्ट शिवले आणि 1886 मध्ये अथेन्स गावच्या जत्रेत मांडले. जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेला ते फार आवडले, पण हॅरिएट विकायला तयार नव्हती. काही वर्षांनी हाताशी पैसा उरला नाही तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाचावर समाधान मानले. देताना मात्र तिने एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला आणि जेनीने तो लिहून ठेवला. आज ते क्विल्ट स्मिथसोनियनमध्ये आहे आणि आपण ते हॅरिएटच्या सांगण्यानुसार 'वाचू' शकतो. तो कागद नसता, तर कोणा अनामिकेचे जुने पांघरूण एवढीच त्याची ओळख उरली असती.

दुसरी गोष्ट उलटी. 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स कंपनीने क्विल्ट स्पर्धा घेतली. ऐन मंदीत चोवीस हजारांवर क्विल्ट्स आली. पहिले बक्षीस केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळाले, एक हजार डॉलर. ते क्विल्ट एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेले. क्विल्ट स्वतः शिवलेले असावे असा नियम होता. पण केडनबाईंनी ते दुसऱ्या बायकांकडून मजुरीवर करून घेतले होते, हे अभ्यासकांनी पुढे कित्येक वर्षांनी उघड केले. मंदीत मजुरी बुडेल या भीतीने त्या बायका गप्प राहिल्या. बक्षिसातले त्यांना काही मिळाले नाही.

1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट्स चित्रांसारखी भिंतीवर लावली आणि लोकांची नजर बदलली. 1981 मध्ये केंटकीत जुन्या क्विल्ट्सची नोंद सुरू झाली. लोकांनी घरातली क्विल्ट्स आणून दाखवायची, कोणी आणि कधी शिवले ते सांगायचे आणि फोटो काढून द्यायचा. मग इतर राज्यांनीही हे काम हाती घेतले. 1997 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने लिंकन शहरात क्विल्टचे अभ्यासकेंद्र स्थापन केले. आज ते इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम म्हणून ओळखले जाते. इथल्या क्विल्टकार आता मागच्या बाजूला नाव, गाव आणि वर्ष लिहिलेली पट्टी आवर्जून शिवतात.

आपल्या गोधडीवर मुंबईच्या क्विल्टकार गीता खंडेलवाल यांनी पुस्तक लिहिले आहे. पण घरच्या गोधडीची नोंद घरच्यांनीच करायला हवी. तिच्यातले हिरवे काठ कोणाच्या लुगड्याचे, मधला चौकडीचा तुकडा कोणाच्या सदऱ्याचा, हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना ती माहिती गूगलवर मिळणार नाही.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत एवढे कराच. कपाटातली गोधडी काढा, पसरा आणि भारतात फोन लावून विचारा. पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, अंदाजे साल आणि कोणाकोणाचे कपडे ते मराठीत लिहा, खाली इंग्रजीतही लिहा, आणि तो तुकडा मागच्या कोपऱ्यात शिवून टाका. टाके मुलांना घालू द्या. वाकडे आले तरी चालतील.