एकाच कप्प्यावरची भिस्त

१९६५ची फोर्ड मस्टँग जपणाऱ्यांपुढे पेच असतो: गाडीचं मूळपण राखायचं की जीव? तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजल्यावरच मिळत. लांब उतारावर ड्रम तापत, पकड सुटे. त्याहून मोठा धोका मास्टर सिलिंडरमध्ये होता. तेलाचा कप्पा एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. १९६७च्या मस्टँगला फोर्डनेच पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे दिले. १९६८पासून अमेरिकेत नव्या मोटारींना अशी दुहेरी रचना सक्तीची झाली. जुन्या गाडीला दुहेरी सिलिंडर बसवणं म्हणजे तिच्याच धाकट्या बहिणीचा दागिना तिला घालणं. डिस्क नंतर बसवता येतील. काढलेला मूळ सिलिंडर मात्र जपून ठेवावा. इतिहास त्यातही आहे.