टोप आणि टाळकं

माणसाचं डोकं हा असा एकच अवयव आहे, की त्याच्या आत काय आहे हे लोक त्याच्यावर काय आहे यावरून ठरवतात. पागोटं दिसलं की पाटील, कडक इस्त्रीची टोपी दिसली की पुढारी आणि काहीच दिसलं नाही, अगदी केससुद्धा, की बँकेतला कारकून. मी या शेवटल्या वर्गात मोडतो. त्यामुळे डोक्यावरच्या वस्तूंकडे मी अगदी निःपक्षपातीपणे पाहू शकतो. ज्याच्या खात्यात शिल्लक नाही, तोच व्याजदरावर शांतपणे बोलू शकतो, तसंच हे.

या निःपक्षपाती भूमिकेवरून मी जाहीर करतो, की इतिहास राजांनी घडवला असेल. पण राजे कसे दिसत होते, हे मात्र नाटकवाल्यांच्या टोप करणाऱ्यांनी ठरवलं. असलं विधान बी.कॉम. झालेल्या माणसाला शोभत नाही, हे मान्य. म्हणून प्रत्येक रकमेला व्हाउचर जोडतो.

हा विषय डोक्यात शिरला तो बल्लारपूरच्या भाच्यामुळे. त्याच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं, म्हणून त्याने योद्ध्याच्या शिरस्त्राणाचा संच मागवला. हल्ली शिरस्त्राणसुद्धा कुरियरने येतं. पूर्वी ते घालून शत्रूच्या दारात जावं लागे, आता ते आपल्या दारात येऊन ओटीपी मागतं. खोक्यात प्लास्टिकचे तुकडे होते: डोक्याची डावी फाक, उजवी फाक, कपाळपट्टी, दोन कानपट्ट्या आणि मानेवरचं छप्पर. हे तुकडे करायची रीत मोठी सोपी आहे. प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवायचा, लिबलिबीत झाला की साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. ओलं फडकं नळाच्या तोंडाला चिकटावं तसा तो साच्याला चिकटतो. थंड झाला की कडा कापायच्या. झालं शिरस्त्राण! लोहाराला भट्टी पेटवून जे करायला दिवसच्या दिवस लागत, ते यंत्र काही मिनिटांत करतं.

खरं काम पुढे असतं. दोन फाका चिकटवायच्या, सांध्यात लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, मग चंदेरी रंग. इतकं करून टोप लखलखीत झाला, की त्याच्यावर काळा रंग फासून लगेच पुसायचा, म्हणजे तो खाचांत राहतो आणि टोप चार लढाया खाल्लेला दिसतो. आमच्या बँकेत घसारा वर्षाच्या शेवटी लावतात. इथे तो पहिल्याच दिवशी, तोही ब्रशने! शेवटी आतून फोमच्या पट्ट्या लावायच्या. खऱ्या लोखंडी टोपाखालीही कापूस भरलेलं जाड अस्तर असायचंच. पातं अडलं तरी दणका अडत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकलेला असताना, त्या अस्तराचं काय होत असेल, या विचारानेच मला तह करावासा वाटतो.

खोक्यावर तीन डोक्यांची चित्रं होती. एक रोमन, कलगीवालं. एक व्हायकिंग, शिंगवालं. आणि एक अंतराळातल्या शिपायाचं, पांढरंशुभ्र. भाच्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “मामा, आपल्या चांद्याच्या राजाचा टोप नाही का यात?”

प्रश्न पोराचा होता, पण वसुलीच्या नोटिशीसारखा अंगावर आला.

आता व्हाउचरं तपासू. पहिलं व्हायकिंगचं. उत्तर युरोपातल्या या दर्यावर्दी लढवय्यांना शिंगं असतात, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण १९४३ साली नॉर्वेत येर्मुंडबू इथे दहाव्या शतकातलं खरं व्हायकिंग शिरस्त्राण सापडलं, त्याला शिंगं नाहीत. डेन्मार्कमध्ये शिंगवाले दोन टोप सापडले आहेत, पण ते व्हायकिंगांच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधीचे, कांस्ययुगातले. मग व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगं उगवली कुठून? मुख्यतः रंगभूमीवरून. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाटकांची मालिका रंगली, तिचे पोशाख कार्ल एमिल ड्योप्लर या चित्रकाराने केले आणि काही पात्रांच्या टोपांना शिंगं लावली. प्रेक्षकांना ती आवडली. तेव्हापासून संशोधक ती शिंगं उपटताहेत आणि ती पुन्हा पुन्हा उगवताहेत.

गंमत अशी, की डोक्यावर शिंगं लावणारी माणसं हवीच असतील तर नॉर्वेला जायचं कारण नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे. त्यातली इंद्रावती ओलांडली की बस्तर. तिथले दंडामी माडिया लग्नाच्या नाचात रानगव्याच्या शिंगांचा शिरपेच घालतात. वर पिसांचा तुरा, पुढे चेहऱ्यावर कवड्यांच्या माळांचा पडदा आणि गळ्यात लांबलचक ढोल. १९३८ साली ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचं नावच या शिंगांवरून पडलं. ही शिंगं घराण्यात बापाकडून मुलाकडे जातात. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर शिंगं नव्हती, त्यांच्या नावाने ती जगभर खोक्यातून विकली जातात आणि ज्यांच्या डोक्यावर खरोखर आहेत, त्यांच्या नावाचं खोकंच नाही. ताळेबंदाच्या भाषेत, जमा एकाच्या खात्यावर आणि नावे भलत्याच्या.

दुसरं व्हाउचर आपल्या घरचं. जिरेटोप. या शब्दाचा फोडणीतल्या जिऱ्याशी काही संबंध नाही. फारसीत ‘झिरिह’ म्हणजे कड्यांचं चिलखत. त्या जातीचा टोप तो जिरेटोप. मूळ अर्थ लढाईचा, लोखंडी. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप. संरक्षण आत, शोभा बाहेर. महाराजांच्या काळातली किंवा लगेच नंतरची जी चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत डोक्यावर पगडी दिसते. आज आपण ज्याला जिरेटोप म्हणतो, तो मोत्यांच्या झुपक्याचा, कापडी, मऊ. तो आपल्या डोळ्यांत बसवला चित्रकारांनी, नाटकांनी आणि भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपती शिवाजी’सारख्या चित्रपटांनी. लोखंड आतून निघून गेलं, नाव तेवढं वर राहिलं. यात महाराजांचं काही कमी झालेलं नाही. उलट, ज्या माणसाला ओळखण्यासाठी नुसती टोपाची कडा पुरते, तो केवढा मोठा!

तिसरं व्हाउचर त्या अंतराळातल्या शिपायाचं. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या शिपायांचे पांढरे टोप इंग्लंडमधल्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी वर सांगितलेल्या रीतीनेच, तापवून आणि हवा ओढून, काढले होते. पुढे त्यांनी तसलेच टोप गिऱ्हाइकांना विकायला सुरुवात केली आणि चित्रपट कंपनीने दावा ठोकला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायमूर्तींपुढे प्रश्न होता, हा टोप म्हणजे शिल्प आहे की नाही? शिल्प असेल तर कॉपीराइट लांबलचक. २०११ साली निकाल लागला: शिल्प नव्हे, चित्रपटाच्या उपयोगाची वस्तू. कायद्याने ते बरोबरच असेल. पण वडशाच्या एखाद्या पेटीवाल्याला साक्षीला बोलावलं असतं, तर निकाल थोडा लांबला असता, असं मला राहून राहून वाटतं.

वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडांचा मुलूख म्हणून झाडीपट्टी. धान कापून घरात आलं, दिवाळी झाली, गावोगाव मंडई भरली, की वडशातल्या नाटक मंडळ्यांचे ट्रक निघतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटक जेवणं उरकल्यावर सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. पुण्यामुंबईत दोन अंकांतच प्रेक्षकाला शेवटची बस दिसू लागते. आमच्याकडे तिसऱ्या अंकात तो घोंगडी सावरून नीट बसतो. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान ताठ झाली.

अशा नाटकातला टोप पूर्वी घरीच होई. रद्दी रात्रभर भिजत घालायची, कुटून लगदा करायचा, त्यात चिंचोक्याची खळ आणि मेथीची पूड, आणि तेलाचा हात फिरवलेल्या मातीच्या साच्यावर थापायचा. वाळला की खडूचा हात, वर सोनेरी बेगड, काचेचे मणी. आता विचार करा: बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालची, आणि तिच्या कागदात इथल्या जंगलातला बांबू गेलेला. त्या कागदाचं वर्तमानपत्र, वर्तमानपत्राची रद्दी, रद्दीचा लगदा आणि लगद्याचा मुकुट! म्हणजे आमच्या रंगभूमीवरच्या कितीतरी राजांच्या डोक्यावर आमचंच जंगल चढलं असेल.

एका म्हाताऱ्या पेटीवाल्याला मी एकदा विचारलं होतं, की टोप जड असावा की हलका? तो म्हणाला, “हलकाच पायजे जी. रातभर घालाचा हाये. पण दिसाले भारी दिसला पायजे. वजन टोपात नसते, मानेत असते.” त्याने सांगितलं, की दिवसा बांधीत चिखल तुडवणारा गडी रात्री टोप घालून उभा राहिला, की ज्याच्या शेतावर तो राबतो तो मालकही पहिल्या रांगेत बसून त्याला ‘महाराज’ म्हणून टाळ्या देतो. पहाटे टोप पेटीत, गडी बांधीत. पण तेवढे आठ तास कुणीही परत घेऊ शकत नाही.

म्हणूनच भाच्याच्या प्रश्नाची नोटीस मला गंभीर वाटते. टोप ज्याच्या डोक्यावर ठेवला तो लोकांच्या लक्षात राहतो, हा सगळ्या व्हाउचरांचा गोषवारा आहे. आणि आमच्या चांद्याला राजांची टंचाई कधीच नव्हती. शहर वसवणारा गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा. त्याच्या कुत्र्यामागे ससा लागला, अशी आमची दंतकथा सांगते. हो, कुत्र्यामागे ससा! ज्या वाटेने तो ससा धावला, त्याच वाटेने परकोट बांधला म्हणे. राणी हिराईने पती बीरशहाची देखणी समाधी उभारली आणि महाकालीचं देऊळ बांधलं. आणि बाबुराव शेडमाके. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध जंगलातून लढला, पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. वय अवघं पंचवीस. त्या डोक्याला टोपाचं संरक्षण मिळालं नाही, मिळाला तो दोर.

भाच्याला मी जटपुरा गेटवर घेऊन गेलो. रोज हजारो माणसं त्या वेशीखालून हॉर्न वाजवत जातात, मीही जातो. पण वर दगडात हत्तीवर झेपावलेला सिंह कोरला आहे, ते गोंडराजांचं राजचिन्ह, तिकडे मान वर करून बघतो कोण? त्याने बघितलं, वहीत काढून घेतलं आणि घरी जाऊन रोमन टोपाची कलगी उपटून तिथे लगद्याचा सिंह-हत्ती बसवला. गॅदरिंगमध्ये तो गोंडवनाचा सेनापती म्हणून उभा राहिला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी कानपट्ट्यांवर आक्षेप घेतला असता, तर तो रास्तच होता. पण सभागृहातल्या चारशे पोरांना वेशीवरचा सिंह त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसला, तीही बल्लारपूर-चंद्रपूरच्याच पोरांना!

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, कोळसा खाणीत आहेत. ते पाळी संपवून थेट सभागृहात आले होते. त्यांच्या मांडीवर त्यांचा स्वतःचा टोप होता: पिवळा, प्लास्टिकचा, पुढे दिवा अडकवायची खाच. त्याच्यावरचे ओरखडे ब्रशने काढलेले नव्हते. छतावरून सुटलेले दगड झेलून पडले होते. या जिल्ह्यांत आज शिरस्त्राण घालून रोज जमिनीखाली उतरणारी फौज आहे ती हीच. त्यांच्या नावाने अजून कुठल्या खोक्यावर चित्र आलेलं नाही.

वडशाच्या नाटककारांनो, तुमच्या पेटीत जागा असेल तर एक पिवळा टोप ठेवा. रंगवायची गरज नाही. जुना झालेलाच मिळेल.