पॅकिंग गेलंय

आमच्या चाळीसमोर बाबांची टॅक्सी जिथे उभी राहायची, तिथे डांबरावर एक काळा डाग होता. टॅक्सी २०१९ साली भंगारात गेली. डाग त्यानंतर दोन पावसाळे टिकला.

टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९९९ची. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे तिची तारीख आम्हाला आधीपासूनच माहीत होती. डाग होता टॅपेट कव्हरमधून गळणाऱ्या ऑइलचा. पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. इंजिनाच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं हे झाकण. ते आणि हेड यांच्या मध्ये जी पट्टी असते ती गॅस्केट, म्हणजे आपलं पॅकिंग. ‘पॅकिंग गेलंय’ हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय, की पॅकिंग कुठेतरी जातं आणि चार दिवसांनी परत येतं, असंच मला वाटायचं.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी मी ठरवलं, की हे गळणं आपण थांबवायचं. (पुढे पोट कोडिंगवर चालणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.) नवीन पॅकिंग आणलं, जुनं खरवडून काढलं, कव्हर बसवलं आणि जीव खाऊन नट आवळले. सोमवारी संध्याकाळी बाबा परतले तेव्हा गाडीला जळक्या ऑइलचा वास येत होता. आधी थेंब गळायचे, आता ओघळ होता.

नाक्यावरच्या मिस्त्रीने कव्हर काढून पॅकिंग माझ्यासमोर धरलं. ते दोन ठिकाणी चिरडून फाटलं होतं. “इंजिनियरसाहेब, हे बूच आहे. दाबायचं असतं, मारायचं नसतं.”

बूच म्हणजे आपल्याकडचं पांढऱ्या सुगंधी फुलांचं बुचाचं झाड नव्हे. त्याच्या सालीचा उपयोग हलक्या प्रतीच्या बुचासाठी व्हायचा खरा, पण खरं कॉर्क येतं पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या सालीतून. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी पुढची. चांगल्या सालीची बाटल्यांची बुचं होतात. उरलेला चुरा गोंदासारख्या पदार्थात बांधून त्याचे तक्ते करतात, आणि त्यातून पॅकिंग कापतात. म्हणजे बाबांच्या टॅक्सीला जेवढं जगायची परवानगी होती, त्याहून जास्त वर्षं ते झाड पहिल्या सालीसाठी थांबलेलं असतं.

याच कॉर्कचा पातळ काप रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने त्यातल्या रिकाम्या खणांना ‘सेल’ म्हटलं, आणि जीवशास्त्राला तो शब्द मिळाला. हा तोच हूक, ज्याचा स्प्रिंगचा नियम आम्ही पहिल्या वर्षाला घोकला. टॅपेट कव्हरखाली व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याच नियमाने दबत-उसळत असतात आणि कव्हरच्या कडेला त्याचं कॉर्क असतं. हे कळलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता.

तर त्या खणांत हवा असते. त्यामुळे कॉर्क वरून दाबलं तर बाजूला फारसं फुगत नाही, जागच्या जागी आत बसतं. रबराचं उलट असतं, दाबलं की ते बाजूने बाहेर यायला बघतं. पॉयसन रेशो या नावाखाली हे मी परीक्षेत लिहिलं होतं: कॉर्कचा जवळपास शून्य, रबराचा जवळपास अर्धा. पाच मार्क मिळाले होते. पत्र्याचं कव्हर फार आवळलं तर वाकतं, म्हणून थोड्या दाबात फट भरणारी वस्तू तिथे हवी होती, आणि कॉर्क तशी होती. खोट एवढीच, की इंजिनाच्या उष्णतेने ते वाळतं, आकसतं, कडक होतं. मग पॅकिंग जातं.

पण गळण्याला तेवढंच कारण नसतं, आणि इथे माझा रविवारचा पराक्रम मुळातच चुकला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्यूक गाड्यांत रॉकर उघडेच असायचे, त्यांना हाताने तेल घालायचं. पुढे झाकण आलं, आतल्या आत तेल फिरू लागलं, पण इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढायला कित्येक वर्षं सरळ रस्त्याकडे तोंड केलेली नळी होती. वायूबरोबर तेलही जायचं. जुन्या अमेरिकन हायवेंच्या फोटोंत प्रत्येक लेनच्या मधोमध काळा पट्टा दिसतो, तो असल्याच तेलाचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याने डोळे चुरचुरू लागल्यावर तो वायू परत इंजिनातच ओढून जाळायची सोय नव्या गाड्यांत आली. हवा स्वच्छ करण्यासाठी केलेल्या या सोयीने आतला दाब कमी ठेवला, आणि पॅकिंगवरचा भारही हलका केला.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की त्यांच्या बाजूने वायू खाली निसटतो, आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत सांध्यातून तेल ढकलतो. बाबांच्या गाडीच्या रिंगा झिजल्या होत्या. मिस्त्रीला ते माहीत होतं, बाबांनाही. रिंगांचं काम म्हणजे इंजिन खोलणं, आणि टॅक्सी आठवडाभर बंद. तो आठवडा माझ्या फीच्या वर्षात कुठे बसवायचा? त्यापेक्षा डिकीत ऑइलचा डबा ठेवून रोज सकाळी डिपस्टिक बघायची. मी याला इतकी वर्षं बाबांचा आळस समजत होतो. एकदा तसं तोंडावर बोललोही होतो.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या यायच्या. मूळची ही इटलीतली फियाट ११००; आपल्याकडे सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. जगात तोवर कव्हरांना रबर आलं, मग ट्यूबमधून पिळायचं सिलिकॉन, मग खोबणीत बसणारी साच्यातली पट्टी, ज्यात नट किती आवळायचा हे धातूची छोटी नळीच ठरवते. माझ्यासारख्याच्या हातून कव्हर वाचावं म्हणून केलेली सोय. मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली. बातमी मी ऑफिसात वाचली आणि बाबांना पाठवली. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावर खिळ्याला लटकलेलं एक कोरं पॅकिंग सापडलं. वाळून बोटभर आखडलं होतं. मी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो, तर बाबा खालून म्हणाले, “फेकू नको रे. रात्रभर पाण्यात टाक, बसेल बरोबर.”