गृहशिक्षणातील साप्ताहिक उपक्रम

शाळेत न जाता घरीच शिकणारी मुले दर आठवड्याला ठरावीक दिवशी व वेळी घराबाहेर ज्या उपक्रमांत सहभागी होतात, त्यांना गृहशिक्षणातील साप्ताहिक उपक्रम म्हणतात. खेळ, संगीत, नाट्य, ग्रंथालय, संग्रहालयांच्या भेटी, निसर्गभ्रमण आणि काही कुटुंबांनी मिळून चालविलेले शिक्षणगट यांचा त्यांत समावेश होतो. गृहशिक्षणावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप मुलांच्या अभ्यासापेक्षा त्यांच्या सोबतीविषयी असल्याने या उपक्रमांना पूरक कार्यक्रमाहून अधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकी शिक्षणविचारक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. घरी शिकविणाऱ्या, परंतु एकमेकांपासून दूर असलेल्या कुटुंबांचा संपर्क त्यातून वाढला. पुढे त्या देशात आठवड्यातून एकदा पालकांनी आळीपाळीने शिकविण्याचे सहकारी गट रूढ झाले. फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना शाळांच्या संघांतून खेळण्याची मुभा दिली. याउलट जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे; समाजातील इतर मुलांशी संपर्क हे त्या सक्तीचे एक समर्थन युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये ग्राह्य मानले.

भारतात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर सोपवितो. त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. तसेच हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांना दंडही सांगितलेला नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची परीक्षा देता येते. परीक्षेची सोय अशी होते. मुलाच्या सोबतीची व्यवस्था मात्र पालकांनाच करावी लागते.

महाराष्ट्रातील स्वरूप

वैयक्तिक शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्रातील जुन्या संस्थांचा मोठा आधार मिळतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षांना संगीतशिक्षकामार्फत बसता येते. त्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही. तालमी, व्यायामशाळा, पोहण्याचे तलाव व सार्वजनिक ग्रंथालयांचे बालविभाग हेही शाळेवर अवलंबून नसतात. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांत मल्लखांब शिकताना मूल कोणत्या इयत्तेत आहे, यापेक्षा ते सरावाला नियमित येते की नाही, हे महत्त्वाचे ठरते. बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धांत स्वतःच्या नावाने प्रवेश घेता येतो.

वेळेची निवड हा यातील खरा पेच आहे. मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्र किंवा पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे सुट्टीच्या दिवसांव्यतिरिक्त सकाळी गर्दी कमी असते. तिथे मूल एखाद्या दालनात हवा तितका वेळ रमू शकते. परंतु त्या वेळी शेजारची मुले शाळेत असतात. ती मैदानावर येतात संध्याकाळी. त्यामुळे सगळे उपक्रम दिवसा आणि घरी शिकणाऱ्या मुलांपुरतेच ठेवल्यास सोबतीचे वर्तुळ लहान राहते. सकाळचा एक गट आणि संध्याकाळचे वस्तीतील मैदान अशी सांगड अधिक उपयुक्त ठरते. ग्रामीण भागात आठवडी बाजार हाही असा उपक्रम होऊ शकतो. भाव विचारणे, वजन पाहणे, सुट्टे पैसे मोजणे आणि अनोळखी माणसांशी बोलणे ही कामे तिथे एकाच फेरीत घडतात.

कुटुंबांच्या गटात साधारणपणे दिवस व जागा आधी ठरवितात आणि विषय वाटून घेतात: एक पालक प्रयोग करून घेतो, दुसरा गोष्ट वाचतो, तिसरा मुलांना टेकडीवर नेतो. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असतात, हे अशा गटांचे मोठे बळ. गट लहान असल्यास दोन कुटुंबांनी गाव बदलताच तो मोडतो. दर आठवड्याला तीच मुले भेटल्याशिवाय ओळखीचे मैत्रीत रूपांतर होत नाही; म्हणून कार्यक्रमाच्या वैविध्यापेक्षा सातत्य अधिक मोलाचे आहे.

अडचणी

शालेय क्रीडा स्पर्धांत मूल शाळेचे प्रतिनिधी म्हणून उतरते आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जही शाळेमार्फत भरला जातो. घरी शिकणारे मूल कितीही तयारीचे असले तरी ही दारे त्याला बंद राहतात. क्रीडा संघटनांच्या स्पर्धांत क्लबमार्फत उतरणे हा एक पर्याय असतो.

खर्च व प्रवास ही दुसरी अडचण. वर्गांचे शुल्क, सभागृहाचे भाडे आणि दुपारच्या वेळी मोकळा असलेला एक पालक यांवाचून हे वेळापत्रक चालत नाही. मुलांना नेण्या-आणण्याचा भार बहुधा आईवर पडतो, याचा उल्लेख गृहशिक्षणाच्या कौतुकात क्वचितच होतो. एकट्या पालकाच्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या घरात आठवड्याचा एक दिवसही मोकळा ठेवणे कठीण असते. तिथे पायी जाता येईल असे मैदान आणि वाचनालय एवढेच हाताशी राहते.