अक्काची नात आणि ९६ खळगे

परवा अक्काची नात आली होती. (अक्का म्हणजे माझी थोरली बहीण.) पोरगी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. "आजोबा, हे बघा," म्हणून तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे, काहींत गर्द पिवळं पाणी, काहींत फिकट. आम्ही मराठीतून बी.ए. झालेले मास्तर, मला आधी आप्पेपात्रच आठवलं!

गरोदर बायकांच्या रक्तातलं एक प्रथिन यात मोजतात म्हणे. खळग्याच्या तळाला प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, ती नेमकं तेवढंच प्रथिन धरून ठेवतात. मग रंग आणणारं द्रव्य घालायचं. प्रथिन जास्त तेवढा रंग गडद. या पद्धतीला एलायझा म्हणतात, १९७१ सालची, स्वीडनमधली.

इतिहासाच्या मास्तराला राहवतंय कुठलं! वाचत बसलो. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी लहान उंदरांच्या माद्यांना टोचून, नंतर त्यांना मारून, दिवस गेलेत का ते सांगितलं. १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या गाली मैनिनींनी नर बेडूक घेतला. टोचल्यावर काही तासांत त्याच्या लघवीत शुक्रजंतू दिसले की बाई गरोदर. बेडूक बिचारा जिवंत सुटायचा. १९६० नंतर प्रतिपिंडं आली आणि प्राणी सुटले.

पण मंडळी, या सगळ्यांचा प्रश्न एकच, दिवस गेलेत की नाही? ते आमच्या आईला नुसता चेहरा बघून कळायचं. पुढचा धोका ओळखायला रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढंच. तेही डॉक्टर असेल तिथं.

१९६४ साली अक्का दुसऱ्या खेपेला माहेरी आली, कागल तालुक्यातल्या आमच्या गावी. आठवा महिना. पायावर, तोंडावर सूज. "होतं असं," आई म्हणाली. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी, आणि एका रात्री आकडी. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावला. पहाटे बैलगाडी जुंपली. कोल्हापूर यायच्या आत अक्का गेली, पोटातलं बाळही. मागं दोन वर्षांची पोर राहिली. तिचीच ही मुलगी.

२००३ मध्ये बोस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटानं दाखवलं की या आजारात वार एक प्रथिन जास्तीचं सोडते. रक्तवाहिन्या धड ठेवणारं दुसरं प्रथिन ते अडकवून टाकतं आणि आईचा रक्तदाब चढतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटानं आपल्याकडच्या गरोदर बायकांत हीच प्रथिनं मोजली. (पतंगराव कदमांनी भारती विद्यापीठ काढलं तेही १९६४ सालीच!) अमेरिकेत २०२३ मध्ये या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरची चाचणी रुग्णांसाठी मान्य झाली.

"मग एखादीचा आकडा वाईट आला तर तिला कळवता का गं?" मी विचारलं.

"नाही आजोबा. आमच्या किटच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. आणि आमच्याकडं येईस्तोवर बाई बाळंत होऊन घरी गेलेली असते."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजीला सूज कधीपासून होती?"

साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. संक्रांतीला बांगड्या भरताना कासारणीला हात आवळावा लागला होता, एवढं आठवलं. तेच सांगितलं.