समईवर घे की!

आमच्या आजऱ्याकडच्या लग्नात एक प्रसंग हमखास घडतो. नव्या नवरीला नाव घ्यायला सांगतात आणि पाठ करून आलेला उखाणा ऐन वेळी तिच्या डोक्यातून पार उडून जातो. सगळ्या बायका तोंडाकडे बघत असतात. मग मागून एखादी आत्याबाई म्हणते, "अगं, समईवर घे की!" समईचा आणि नवऱ्याच्या नावाचा तसा काही संबंध नसतो. पण नजर समईकडे जाते, वात दिसते, तेल दिसतं आणि ओळ जुळते. श्रोतेहो, लिहिणाऱ्याला काही सुचेनासं झालं, तर बाहेरून एखादा भलताच शब्द उचलून सुरुवात करावी, असं लेखनाच्या शिबिरांत हल्ली शिकवतात. आत्याबाईंना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

उखाण्यात शेवट ठरलेला आणि सुरुवात मोकळी. संस्कृतातल्या समस्यापूर्तीचा घाटही तोच. श्लोकाचा एक चरण, बहुधा शेवटचा, समोर टाकायचा आणि उरलेले कवीनं रचायचे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये 'काव्यसमस्यापूरण' आहेच. भोजराजाच्या दरबारातली म्हणून सांगितली जाणारी एक समस्या तर नुसत्या 'ठ' या अक्षराची. अर्थ काहीच नाही. दंतकथा सांगते, की कालिदासानं रामाच्या अभिषेकाचा प्रसंग घेतला. पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून ठणठणत खाली गेला! आता भोज आणि कालिदास एका काळातले नव्हेत, तेव्हा गोष्ट काही खरी नाही. पण तो श्लोक ज्या कुणी रचला, त्याला घडा दाखवला तो त्या 'ठ'नंच.

मराठीत याचं फार जुनं उदाहरण महदाइसेचं आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना स्वतःचं लग्न लावून घ्यायची लहर आली. भक्तांनी तयारी केली. महदाइसेला त्यांनी धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायला सांगितली. तिनं श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह डोळ्यांपुढे आणला आणि धवळे तिथल्या तिथे रचले, असं महानुभावांची परंपरा सांगते. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो ते याच धवळ्यांमुळं. विषय तिनं निवडलेला नव्हता, वेळही नाही.

आमच्याच जिल्ह्यात, पन्हाळ्यावर, १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांची तऱ्हा निराळी. त्यांनी स्वतःच स्वतःला अडचणीत टाकलं. रामकथा पुन:पुन्हा सांगायची, पण दर खेपेला नवी अट घालून. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली 'ई' हे त्यांच्या भाषेत सर्वांत जास्त लागणारं अक्षर टाळून अख्खी कादंबरी लिहिली, तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं. पंतांच्या वाट्याला मात्र 'पंडिती कसरत' असा शेरा आला. तो अगदीच खोटा आहे, असं मीही म्हणणार नाही.

शिक्षकांच्या अधिक कामाची युक्ती इटलीतल्या जान्नी रोदारी या बालसाहित्यिकाची. १९७३ साली आलेल्या पुस्तकात ते सांगतात, की एकमेकांशी नातं नसलेले दोन शब्द शेजारी ठेवा. कुत्रा आणि कपाट. लगेच कपाट पाठीवर घेऊन निघालेला कुत्रा दिसायला लागतो.

मला हे फार उशिरा कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'माझा आवडता ऋतू' या निबंधाची वही एका मुलानं कोरीच दिली. मी त्याला आळशी समजलो आणि तासभर उभं केलं. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. आमच्याकडच्या पावसावर तो मधल्या सुट्टीत भरभरून बोलायचा. पण 'ऋतू' म्हटलं की गुरुजींना काय हवंय, याच विचारात तो अडकला असणार. पुढे मी चिठ्ठ्या सुरू केल्या. मुलांनीच शब्द लिहायचे, मापट्यात टाकायचे आणि दोन उचलायचे. 'म्हैस' आणि 'पोस्टकार्ड' निघालं त्या दिवशी वर्गात एकही वही कोरी राहिली नाही. तोवर त्या मुलानं शाळा सोडली होती.

आणि आजऱ्यात बसून हे बोलायचं, तर शिवाजी सावंतांचं नाव घ्यावंच लागतं. १९४० साली ते इथे जन्मले. शाळकरी वयात एका नाटकात त्यांच्याकडे कृष्णाची भूमिका आली आणि त्या निमित्तानं कर्ण मनात शिरला. पुढे केदारनाथ मिश्र 'प्रभात' यांचं 'कर्ण' हे हिंदी खंडकाव्य वाचनात आलं. या झाल्या नशिबानं निघालेल्या दोन चिठ्ठ्या. त्यानंतरचं काम चिठ्ठीचं नव्हे. महाभारताचा अभ्यास, थेट कुरुक्षेत्रापर्यंतचा प्रवास, आणि १९६७ साली 'मृत्युंजय'. कादंबरी सहा जणांच्या तोंडून उलगडते. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात. शेवटचा भाग सांगतो तो कृष्ण.